मुलाचा परीक्षेचा फॉर्म आई भरते, हे थांबवायचं कसं?

नाशिकची_मीरा | २८ ऑगस्ट, रात्री १०:५२

लिहायला जरा लाज वाटतेय, पण इथे मला चेहऱ्याने कोणी ओळखत नाही.

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर. आम्ही दोघं नाशिकला. परवा दुपारी ऑफिसात ऑडिटवाले समोर बसलेले आणि कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनमधून मला फोन. महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या, अर्जाला जोडलेला उत्पन्नाचा दाखला जुना आहे, अर्ज सेंड बॅक केलाय, नवीन अपलोड करा. "करते" म्हणून ठेवला. मग चिरंजीवांना फोन लावला, तर दुपारी दीड वाजता झोपेतून उठून विचारतो, "कसला अर्ज?"

खरं तर त्याला तरी काय बोलणार? त्याने तो अर्ज कधी पाहिलेलाच नाही. कॅपच्या (प्रवेशफेरीच्या) ऑप्शन फॉर्मपासून सगळं मीच भरलंय. लॉगिनला नंबर माझा, ओटीपी मला येतो, पासवर्ड माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर. घरात एक निळी फाईल आहे. त्यात डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, अलॉटमेंट लेटर, दहावी-बारावीच्या मार्कशीट, आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. त्याचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी नंबर, मला तोंडपाठ आहे. त्याला विचारला तर "एक मिनिट, आयकार्ड शोधतो."

आता परीक्षेचे फॉर्म सुटतील. पहिल्या वर्षाचं एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) राहिलंय, तो बॅकलॉग आठवणीने टिक करावा लागतो. या वेळी मला हात लावायचा नाहीये. पण "आता तुझं तू बघ" म्हटलं आणि त्याचं वर्ष गेलं, तर? ज्यांनी हे केलंय त्यांनी कसं केलं ते सांगा. आमच्या वेळी असं नव्हतं, हे मला माहीत आहे.

खवचट_काका | २८ ऑगस्ट, रात्री ११:०६

आमच्या वेळी असं नव्हतं.

(राहवलं नाही. लिहा लोकहो.)

फळा_आणि_खडू | २९ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मीराताई, तुम्ही एकट्या नाही. मी अठरा वर्षं इंजिनिअरिंगला शिकवतोय. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाच्या पालकांचासुद्धा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात एका वडिलांनी फोन करून विचारलं, सेमिनारचा टॉपिक बदलून मिळेल का. म्हटलं, मुलाला पाठवा की केबिनमध्ये. तर म्हणे, तो संकोचतो. वीस वर्षांचा घोडा, मतदान करून आलेला.

फॉर्म तर वरवरची गोष्ट झाली. मी पहिल्या तासाला विचारतो, सिलॅबस कोणी वाचलाय? विद्यापीठाच्या साईटवर फुकट आहे. सत्तरच्या वर्गात दोन हात वर होतात, त्यातला एक डोकं खाजवायला गेलेला असतो. पुस्तक कोणतं हेही विचारत नाहीत. "सर, नोट्स टाकणार ना?" हा एकच प्रश्न. प्रॅक्टिकलचं राईट-अप एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी फोटोवरून उतरवायचं, हे तर आता इतकं रुळलंय की त्यात कोणाला चोरी वाटत नाही. मागच्या सबमिशनला एका फाईलमध्ये निष्कर्षाच्या खाली भलत्याच मुलाचा रोल नंबर होता. उतरवता उतरवता तोही उतरवलेला. आता धरतोच याला म्हणून पान उलटलं, तर खाली माझी सही. तारखेसकट.

म्हणजे एकटी पोरंच झोपलेली नाहीत, हेही कबूल करतो.

केटी_किंग | २९ ऑगस्ट, सकाळी ९:४०

सर, सहीचं सांगितलंत म्हणून मान दिला. पण "पोरं जबाबदारी घेत नाहीत" हे आम्ही पालकसभेपासून इंडक्शनपर्यंत ऐकून थकलोय. फी भरली आम्ही. सेमिस्टरच्या मध्यात सर सोडून जातात, नवीन येतात ते पीपीटी वाचून दाखवतात. लॅबमध्ये एका सेटअपभोवती पंधरा जण. मागच्याला नुसती पुढच्याची पाठ दिसते. आणि ७५ टक्के हजेरी नसली की डिफॉल्टर लिस्टवर आमचं नाव. त्यांच्या हजेरीची लिस्ट कुठे लागते?

तरी एक सांगतो, कारण मी चार केट्या (नापास झालेले विषय) काढून बाहेर पडलोय. मेकॅनिक्समध्ये दुसऱ्यांदा उडालो तेव्हा मला शंभर टक्के खात्री होती की पेपर नीट तपासलेला नाही. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. हा हक्क आहे बरं का आपला. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, आणि विद्यापीठांची स्वतःची फोटोकॉपीची सोय असतेच. फक्त निकालानंतर मोजके दिवस ती लिंक चालू असते, ते चुकवायचं नाही.

पीडीएफ आली. मी रूममेटला शेजारी बसवलं, म्हटलं बघ आता कसे मार्क कापलेत. पहिल्या पानावर फ्री बॉडी डायग्राम. ठोकळा काढलाय, बाण काढलेत, घर्षणाचा बाण उलट्या दिशेला. मग त्या चुकीच्या बाणावरून दीड पान गणित, अगदी सुवाच्य. उत्तराला चौकट. तपासणाऱ्याने त्या बाणावर छोटा गोल करून पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाला मी प्रश्नच परत लिहून काढला होता, आकडे बदलून. रूममेट काही बोलला नाही, चहा प्यायला गेला.

त्यानंतर एनपीटीईएल लावलं. आयआयटीवाल्यांची लेक्चरं, बघायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं तर परीक्षेचे हजारेक रुपये. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला असाईनमेंट, त्यातल्या उत्तम आठ धरून २५ मार्क, आणि सेंटरवर बसून दिलेल्या परीक्षेचे ७५. तिथे कोणी आईला फोन करत नाही. मी पहिला कोर्स चौथ्या आठवड्यात सोडला. दुसरा पुरा केला.

सरांनी नीट शिकवलं असतं तर बाण सरळ आला असता का? कदाचित. पण पेपरवर नाव माझं होतं.

फळा_आणि_खडू | २९ ऑगस्ट, सकाळी १०:०२

केटी_किंग, तुमच्या कॉलेजचं नाव सांगू नका, पण त्या लॅबचं वर्णन वाचून मला आमचीच लॅब आठवली.

धाकटी_पाती | २९ ऑगस्ट, दुपारी १:२०

मला एक विचारायचंय, रागावू नका. मीराताई, तुम्हाला मुलगी आहे का?

विचारण्याचं कारण असं की आमच्या घरी दादाचे सगळे फॉर्म पप्पांनी भरले. माझी वेळ आली तेव्हा पप्पा म्हणाले, "तुला येतं की सगळं." आलं. दादाचा कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्मसुद्धा शेवटी मीच लावला होता, मी अकरावीत असताना. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडून, वहीत तीन रकाने आखून. नंतर जुलै २०२४ मध्ये मुलींच्या फीमाफीचा जीआर आला. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी पूर्ण माफ. तो जीआर आधी मी वाचला, मग तलाठी, सेतू, कॉलेज. घरी सांगितलं तेव्हा कळलं की पप्पांनी पैशाची सोय करायला घेतली होती.

मला कोणी "जबाबदार हो" म्हणालं नाही. माझा फॉर्म भरायला कोणी बसलंच नाही, म्हणून मी बसले.

नाशिकची_मीरा | २९ ऑगस्ट, रात्री ९:३५

टोचलं. दिवसभर उत्तर लिहीन-लिहीन करत होते.

हो, मोठी मुलगी आहे. तिने बीएस्सी केलं, मग एमएस्सी, आता बंगळूरला नोकरीत आहे. तिचा एकही फॉर्म मी भरलेला नाही. तिची फाईल कुठे होती तेसुद्धा मला माहीत नाही. आत्ता तिला फोन करून विचारलं. म्हणाली, "बॅगेतच असायची, आई." आणि हसली. मला हसू आलं नाही.

खवचट_काका | २९ ऑगस्ट, रात्री ९:५०

धाकटी_पाती, तुमच्या आयडीत धार आहे.

पाटोद्याचा_पोरगा | ३० ऑगस्ट, रात्री १२:४४

उशिरा लिहितोय, शिफ्ट होती.

वरची चर्चा वाचून गंमत वाटली. आमचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्याला जातात ते मार्च-एप्रिलला परत. मी औरंगाबादला बीई केलं तेव्हा वडलांना इतकंच माहीत होतं की पोरगं "विंजनेर" होतंय. जबाबदारी घ्या वगैरे आमच्याकडे बोलायची पद्धत नाही. दुसरं कोण घेणार?

पण म्हणून ते फार भारी असतं असं कोणी समजू नका. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज मी नेटकॅफेत भरला. त्याने पन्नास रुपये घेतले, पावतीची प्रिंट दिली, मी ती घडी घालून पाकिटात ठेवली. माझ्या लेखी काम झालं. कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज परत आला होता, कारण बँक खात्याला आधार सीडिंग नव्हतं. नुसतं आधार लिंक असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, सीडिंग असणं यात फरक असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, बँकेतल्या साहेबालाही धड सांगता आलं नाही. अर्ज दोन महिने तिथेच पडून. मला फोन नाही, मेसेज गेला असेल तर जुन्या सिमवर. एप्रिलमध्ये कॉलेजने फी मागितली तेव्हा कळलं. मी खिशातून ती प्रिंट काढून दाखवली. क्लार्क म्हणाला, ही अर्ज भरल्याची पावती आहे, मंजुरीची नाही.

ते पैसे वडलांनी मुकादमाकडून उचल वाढवून आणले. ती उचल फेडायला पुढचा एक सीझन गेला.

मीराताई, तुमच्याकडे कॉलेजातून फोन येतो, हेच केवढं आहे. मुलाला मोकळं सोडा, पण मी पडलो तसं पडू देऊ नका. पडून शिकतो माणूस, पण बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

केटी_किंग | ३० ऑगस्ट, सकाळी ८:१०

दादा, दंडवत.

मुक्काम_आखन | ३० ऑगस्ट, दुपारी ३:३०

जर्मनीत मास्टर्स करतोय म्हणून इकडचं लिहितो. "परदेशात बघा कसं असतं" असला सूर लावायचा नाहीये.

इथे हजेरी नाही. लेक्चरला गेलात काय, न गेलात काय, कोणी विचारत नाही. मला पहिला महिना स्वर्ग वाटला. मी आपला वाट बघतोय की कोणीतरी टाईमटेबल लावेल, सीआर (वर्गप्रतिनिधी) मेसेज टाकेल. सीआर नावाचा प्राणी इथे नसतो. मुळात वर्गच नसतो. कोणता विषय कोणत्या सेमिस्टरला घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं, आणि परीक्षेला स्वतः पोर्टलवर नोंदणी करायची. विषय घेतला म्हणजे परीक्षेला नाव आपोआप गेलं, अशी माझी समजूत. जानेवारीत यादीत नाव नाही. ऑफिसात गेलो. समोरच्या बाई अतिशय गोड हसून म्हणाल्या, "फ्रिस्ट इस्ट फ्रिस्ट." मुदत म्हणजे मुदत. लेट फी नाही, सुपर लेट फी नाही, साहेबांची चिठ्ठी नाही. अख्खं सेमिस्टर त्या एका विषयासाठी लांबलं. इथल्या ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) हिशोब तेव्हा महिन्याला ९९२ युरोचा होता, म्हणजे तो विसर मला केवढ्याला पडला ते तुम्हीच काढा.

अजून एक. सहसा तीन प्रयत्न असतात. तिसऱ्यांदा नापास झालात की नाव कमी होतं आणि तोच कोर्स देशात दुसरीकडेही करता येत नाही. आपल्याकडे केटी म्हणजे घरचा पाहुणा असतो, येतो-जातो. इथे भीती वाटते.

माझे पुण्यातले सगळे फॉर्म बाबांनी भरले होते, हे सांगायचं राहिलं.

काउंटर_नंबर_तीन | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

बँकेत आहे, म्हणून एक मुद्दा. ऐपत असली तरी थोडं शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर घ्यावं, असं मी नात्यात सांगते. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असतात, हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, आणि जुन्या करप्रणालीत व्याजावर ८०ई खाली आठ वर्षं वजावट मिळते. सही करायला मुलं येतात ना, तेव्हा पहिल्यांदा आकडा वाचतात. एकाने मला विचारलं, "मॅडम, हे एका वर्षाचं?" त्याला वाटत होतं ती चार वर्षांची फी आहे.

पाटोद्याचा_पोरगा | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

मॅडम, सांगता ते ठीक, पण ज्यांच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे त्यांना जाणीव करून द्यायला अजून कर्ज नको.

सातारकर_आजोबा | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:३०

नातीने खातं काढून दिलंय, तीच टंकते आहे. वय पंचाहत्तर.

मी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचा. कर्मवीर अण्णांनी १९४७ साली काढलेलं कॉलेज. रयत शिक्षण संस्था त्याआधीची, १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात सुरू झालेली. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे वाक्य आम्ही रोज वाचायचो. कमवा आणि शिका योजनेत मी होतो. पहाटे बागेत आळी करायची, संध्याकाळी पाणी. तासांची नोंद वहीत व्हायची आणि त्यातून जेवणाखाणाचा खर्च भागायचा. माझा हात कुदळीला सरावलेला होता, इंग्रजीला नव्हता.

माझ्या आईवडिलांना सही येत नव्हती. तेव्हा फॉर्म मीच भरला, हे खरं. पण पाटोद्याच्या मुलाचं वाचून एक लिहावंसं वाटलं. मी एकटा कधीच नव्हतो. रेक्टर होते, वरच्या वर्गातली मुलं होती. एकदा परीक्षेची फी भरायची तारीख मी विसरलो, तर रेक्टरांनी मला बागेतून चिखलाच्या पायांनी बोलावलं. आधी कानाखाली दिली आणि मग फी भरायला सायकल दिली. लोकांना आठवतं ते आमचं राबणं. वसतिगृह चालवायला लक्ष्मीबाईंनी, अण्णांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं होतं. आमचं स्वावलंबन त्यावर उभं होतं.

त्या मुलाला कॉलेजात कोणी सायकल दिली नाही, असं दिसतं.

पाटोद्याचा_पोरगा | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:०१

आजोबा, कानाखाली पण चालली असती.

आता मी गावाकडच्या पोरांचा ग्रुप चालवतो. अर्ज भरून देत नाही. ते भरतात, स्क्रीनशॉट टाकतात, मी बघतो. आणि दर रविवारी एकच मेसेज, "लॉगिन करून स्टेटस बघितलं का?"

लेखापाल | ३१ ऑगस्ट, सकाळी ११:४५

मीराताईंचा मूळ प्रश्न बाजूलाच पडला, म्हणून थोडं कामाचं.

ज्या चुकीची किंमत फक्त त्याला आणि फक्त थोडी पडेल, ती आधी सोडा. परीक्षेचा फॉर्म चुकला तर विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क आहे. ते त्याने त्याच्या महिन्याच्या पैशांतून भरायचं. शिष्यवृत्ती मात्र या वर्षी दोघांनी मिळून भरा. तो टाईप करेल, तुम्ही शेजारी बसा आणि हात मांडीवर ठेवा. नंबर बदलून त्याचा टाका. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज तुमचा असेल तर निम्मी ट्यूशन फी आहे ती, तत्त्वासाठी घालवू नका.

एम-टूची मला जास्त काळजी वाटते. तिसऱ्या वर्षाला जायचं तर पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं. हिवाळ्यात राहिलं तर उन्हाळ्यात एकच संधी उरते. हे त्याला माहीत आहे का, तेवढं एकदा विचारा. सांगू नका, विचारा.

नाशिकची_मीरा | २ सप्टेंबर, रात्री १०:१५

गणपतीला आलाय. लेखापाल म्हणतात तसं केलं. लॅपटॉप त्याच्या पुढ्यात, मी शेजारी, हात मांडीवर. उत्पन्नाचा दाखला २५६ केबीत बसवायला त्याला चाळीस मिनिटं लागली. मी तीन मिनिटांत करते. दोनदा उठून पाणी पिऊन आले.

एम-टूचं विचारलं. म्हणाला, "माहितीये गं." बस, त्यापुढे काही विचारलं नाही. डायरीचं शेवटचं पान फाडून त्याला दिलं. त्याने फोटो काढला आणि पान टेबलावरच ठेवून गेला.

खवचट_काका | २ सप्टेंबर, रात्री १०:३१

ते पान आता कुठे आहे, ते खरं सांगा.

नाशिकची_मीरा | २ सप्टेंबर, रात्री १०:४०

फाडून टाकलं. शप्पथ.

फळा_आणि_खडू | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५०

धागा वर काढतो. आमच्याकडे फॉर्म इनवर्ड करायची मुदत आज संपली. स्टुडंट सेक्शनबाहेर रांग, निम्म्या रांगेच्या कानाला फोन, आणि पलीकडून आई. मीराताईंची आठवण झाली. काय झालं?

नाशिकची_मीरा | ११ ऑक्टोबर, रात्री ८:२२

मला माहीत नाही! हेच तर. महिनाभर एका शब्दाने विचारलं नाहीये. काल रात्री झोप लागली नाही, यांनी उठून विचारलं, बीपीची गोळी घेतलीस का.

नाशिकची_मीरा | १९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

झालं ते लिहिते.

हॉल तिकीट आलं. त्यावर एम-टू नाही. फॉर्म भरला होता, वेळेत भरला होता, नियमित विषयांचा. खालचा बॅकलॉगचा चौकोन टिक करायचा राहिला. त्याने रात्री साडेनऊला फोन केला. आधी दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "तू आठवण का नाही केलीस?"

माझ्याकडे बरीच उत्तरं तयार होती. महिनाभर तीच तयार करत होते. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "उद्या परीक्षा विभागात जाऊन विचार." तो म्हणाला, "तू फोन कर ना त्यांना, तुझा आवाज ओळखतात." ताई-दादांनो, नंबर स्क्रीनवर काढला होता मी. हिरवं बटण तेवढं दाबायचं बाकी होतं.

नाही दाबलं. तो गेला, दोन तास बसला, काही झालं नाही. मुदत संपलेली. आता उन्हाळ्यात. तेव्हा सुटलं नाही तर वर्ष जाणार.

चार दिवस झाले, आमचे हे बोलत नाहीयेत माझ्याशी. मुलगाही नाही.

काउंटर_नंबर_तीन | २० नोव्हेंबर, सकाळी ९:१०

माफ करा, पण मला हे पटलं नाही. एक मेसेज टाकला असता तर काय बिघडलं असतं? नवरा विसरला तर आपण आठवण करतोच की.

धाकटी_पाती | २० नोव्हेंबर, सकाळी ९:३५

नवऱ्याचंही तेच म्हणणं असतं.

लेखापाल | २० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

सल्ला माझा होता, तेव्हा थोडा दोष माझ्याकडे. मी विचारा म्हटलं, दाखवून द्या म्हटलं नाही. "माहितीये गं" हे उत्तर मी माझ्या कारकुनाकडून घेत नाही, त्याला म्हणतो कुठे आहे ते दाखव. फॉर्म भरण्याआधी एकदा स्क्रीनवर "टिक कुठे असते दाखव" असं विचारायला हवं होतं.

पाटोद्याचा_पोरगा | २० नोव्हेंबर, रात्री ११:५८

ताई, या वेळचं बिल त्याच्याच नावावर फाटलंय. पाच-सहा महिने आहेत हातात. त्याला एम-टूला कोण हवं असेल तर माझा एक मित्र पुण्यातच शिकवतो, पैसे घेत नाही. पण फोन त्याने करायचा. नंबर तुम्हाला देणार नाही, व्यक्तिगत निरोपात त्याचा ईमेल पाठवा.

सातारकर_आजोबा | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

ही सायकल झाली.

नाशिकची_मीरा | २७ डिसेंबर, दुपारी ४:१०

परीक्षा संपवून घरी आलाय. पाटोद्याच्या दादांच्या मित्राकडे शनिवारी-रविवारी जातो. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला जुनी उत्तरपत्रिका मागवलीस का विचारलं. मागवलेली नव्हती, मुदत गेली. केटी_किंग, तुमची बाणाची गोष्ट त्याला वाचून दाखवली, धागा कोणाचा ते न सांगता. हसला नाही. म्हणाला, "माझं डबल इंटिग्रल असंच असेल."

आज सकाळी बॅग भरताना म्हणाला, "आई, ती निळी फाईल दे. मीच नेतो." काढून दिली. एसटीत पाऊस-बिऊस लागेल म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी घालायला लागले, तर म्हणाला, डिसेंबरात कुठला पाऊस. तरी घातली.

खवचट_काका | २७ डिसेंबर, दुपारी ४:२५

झेरॉक्स ठेवल्यात ना?

नाशिकची_मीरा | २७ डिसेंबर, दुपारी ४:२६

दोन-दोन.